विचारल्याशिवाय

केतकी बेंद्रे पार हताश झाली होती. रुग्णालयाच्या नोंदींना एआयचं भाषा-मॉडेल जोडणारा सर्व्हर तिनंच बांधला होता. चाचणीत मॉडेलनं नावांची गफलत करून भलत्याच बाईचं ऑपरेशन रद्द केलं, तेव्हा प्रत्येक बदलाआधी डॉक्टरांना विचारायची अट तिनं घातली. संचालक सरपोतदार मात्र ती काढायला लावत होते.

"मॉडेल माणसापेक्षा हुशार आहे. विचारत कशाला बसायचं?"

विनवण्या करून थकलेली केतकी म्हणाली, "बरं साहेब. आधी मॉडेल तुमच्या ईमेलला जोडते. तुमच्या नावानं ते परस्पर उत्तरं पाठवील."

"मला विचारल्याशिवाय?" साहेब ओरडले.

"रुग्णही हेच म्हणतील, साहेब."

सरपोतदारांनी हट्ट सोडला. अट राहिली. केतकीला मात्र जिंकल्यासारखं वाटेना. बाईच्या ऑपरेशनसाठी न हललेलं मन ईमेलसाठी हललं होतं.