दोन मापांच्या वाणिणीची आणि दाराकडं तोंड फिरवलेल्या गौरीची कहाणी

ऐक माहेरवाशिणी गौरी, तुझी कहाणी. आटपाट नगर, नगराला पेठ, पेठेत एक वाणी. वाणी मापाचा सच्चा. घ्यायला आणि द्यायला एकच पायली. त्याची वाणीण मनाची वाईट नव्हती, पण काळजीनं पोखरलेली. लेक शेवंती पहिलटकरीण, सासर नदीपल्याड. बाळंतपणाला यायची होती. दिवस भरत आले, गाडी काही येईना.

चैत्र लागला. तृतीयेला वाणिणीनं गौर घासली, पुसली, झोपाळ्यात बसवली. अंगणात चैत्रांगण रेखलं. झोका दिला अन् म्हणाली, "बाई, तू महिनाभर माहेरी आलीस. माझी लेक कधी गं येईल?"

इतक्यात सून तुळशीचा भाऊ दारी आला. "मावशी, चैत्र लागला, आई वाट बघते. तुळशीला चार दिवस धाडा."

वाणीण म्हणाली, "शहाणाच आहेस! घरात गौर बसली. आंबेडाळ कोण वाटील? पन्हं कोण करील? बायकांचे पाय कोण धुवील?"

भाऊ आल्या पावली गेला. सुनेनं डोळ्यांना पदर लावला, पाट्याशी जाऊन बसली.

सकाळी वाणीण पाहते तो काय, गौरीनं तोंड फिरवलेलं, दाराकडं. "झोक्यानं फिरली असेल," म्हणाली, सरळ केली. भाऊ पुन्हा आला, तसाच गेला. गौर पुन्हा फिरली, पुन्हा सरळ केली. भाऊ तिसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा गेला. गौर तिसऱ्यांदा दाराकडं! मग वाणीण मनाशी म्हणाली, माझ्या लेकीचं काही बरंवाईट तर नाही? दारात जाई, आत येई. बैलांची घुंगरं वाजली की धावे, तर ती तेल्याची गाडी.

मग हळदीकुंकू आलं. बायका आल्या, ओट्या घेऊन गेल्या. शेवटी एक अनोळखी सवाष्ण आली. पावलांना नदीची ओली वाळू. तुळशीनं पन्हं पुढं केलं, ती घेईना.

"का गं बाई, गूळ कमी पडला?"

"गूळ पुष्कळ आहे. पण करणारीचे डोळे गळालेत ना त्यात, खारट झालंय. तुझी लेक का येत नाही, सांगू? तिचीही सासू म्हणते, आंबेडाळ कोण वाटील? पन्हं कोण करील? बायकांचे पाय कोण धुवील?"

वाणिणीच्या हातून कुंकवाचा करंडा पडला. तो उचलून वर बघते, तर बाई नाही. उंबऱ्यावर वाळू तेवढी.

रडत नवऱ्याकडं गेली, घडलं ते सांगितलं. वाणी म्हणाला, "अगं, दोन मापं ठेवणाऱ्याच्या दुकानी गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, मग गौर कशी रमेल? लेक घ्यायचं माप निराळं, सून द्यायचं निराळं, हा धंदा मी तुला शिकवला नव्हता."

मग वाणिणीनं गाडी जुंपायला लावली. सुनेची ओटी भरली, हरभऱ्यांनी, नारळानं.

"आत्याबाई, आंबेडाळ?"

"मला काय हात नाहीत? जा बाई, जा."

गाडी गेली. वाणीण पाट्यावर डाळ वाटी, मध्येच थांबे, कानोसा घेई. ऊन कललं, लेक नाही. दिवेलागण झाली, लेक नाही. तोच तुळशीचा भाऊ धापा टाकत आला. "मावशी, चला!"

वाणीण डाळीच्या हातांनीच दारात आली. "काय झालं रे?"

"सासूनं शेवंतीताईंना आज धाडलं, पण गाडी नदीच्या वाळूत रुतली. कळा सुरू, गाडीवान घाबरलेला, आसपास चिटपाखरू नाही. तुळशीची गाडी उताराला आली म्हणून दिसल्या. नदीकाठच्या आमच्याच घरी नेलं. आई सुईणपण करते, तुम्हांला ठाऊकच आहे."

"अरे, पुढं बोल!"

"पुढं काय! मुलगी झाली. दोघी खुशाल. अशी रडते, मावशी, की आवाज थेट तुमच्यावर गेलाय."

वाणीण हसली, रडली, गौरीपुढं लोटांगण घातलं, तशीच विहिणीच्या दारी गेली. विहिणीनं नात तिच्या ओटीत घातली. "घ्या विहीणबाई. पण माझी तुळशी अक्षय्यतृतीयेपर्यंत देणार नाही हं."

"ठेवून घ्या. मीच न्यायला येईन, आणि तुमच्या हातचं पन्हं पिईन."

घरी येऊन पाहते, तो गौर आत तोंड करून बसलेली. कुणी हात लावला नाही, तरी झोपाळा हलत होता.

तेव्हापासून त्या पेठेत रीत पडली: आधी सुनेला माहेरची वाट, मग गौरीला झोका. जशी गौर वाणिणीला पावली, तशी ऐकणाऱ्या सयांना पावो. ज्या दारी आई उभी, त्या दारी लेक येवो. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलांत मापली, शीग लावून तुमच्या ओटीत घातली, सुफळ संपूर्ण.