प्रोग्रॅमच्या जागी सदोबा

आमच्या सासरच्या गावात सदोबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तंतोतंत करायचा. तीच पंचाईत.

गावच्या टाकीचा पंप अनघावहिनींनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चाले. पातळी बदलली, की पंप आपोआप चालू नाहीतर बंद. वहिनींची नणंद कुंदा हिच्या लग्नाच्या ऐन आठवड्यात उंदरांनी पातळी कळवणारी वायर कुरतडली.

वहिनी म्हणाल्या, "सदोबा, चार दिवस प्रोग्रॅमचं काम तू कर. टाकीवर बस आणि फोनवर पातळी सांगत राहा. पंप मी घरून चालू-बंद करीन."

सदोबा सांगत राहिला.

"अर्धी आहे."

"अर्धीच आहे."

"वहिनी, अजून अर्धीच."

साठाव्या फोनला वहिनी ओरडल्या, "अरे, बदल झाला तरच सांग!"

दुसऱ्या दिवशी विहीर आटली. पंप कोरडा फिरला, तापला, जळाला. सदोबा शेजारी शेंगा सोलत होता.

"कळवलं का नाहीस?"

"पातळी अर्धीच होती. बदल कुठं झाला?"

मग वहिनींनी पातळी लिहून ठेवायला सांगितली. सदोबाने वही भरली, टाकीची भिंत भरली, आता शाळेच्या भिंतीला हात घातला.

"एवढं साठवतोस कशाला? नवं आलं की जुनं टाकायचं!"

तेवढ्यात, पंप जळाला म्हणून मागवलेला टँकर आला. टाकीत नवं पाणी पडू लागलं. सदोबाने खालचा कॉक उघडला आणि जुनं टाकलं.

"आणि नवं रे?"

"ते त्याच्यातच मिसळलं होतं."

वहिनींनी कपाळ धरलं. "यापुढे टाकी काय म्हणते आणि टँकरवाला काय म्हणतो, दोन्ही कळल्याशिवाय काहीही सोडायचं नाही!"

दुसरा टँकर मागवला. निदान लग्न तरी नीट लागावं म्हणून कुंदाच्या वडिलांनी, आबांनी, सदोबाला पाण्यापासून लांब नेलं आणि अंतरपाट धरायला दिला. कापडाचं काय बिघडवणार?

मंगलाष्टकं संपली. भटजी म्हणाले, "सोडा." दुसरीकडून अंतरपाट धरलेल्या कुंदाच्या मामांनी आपलं टोक सोडलं. सदोबाने तेही पकडलं आणि नवरदेवाकडे पाठ करून, हात पसरून कुंदासमोर उभा राहिला.

आबा ओरडले, "सोड की रे, मुहूर्त चाललाय!"

"टँकरवाला काय म्हणतो?"

टँकरवाल्याला शोधायला चार माणसं धावली. तो पंगतीची वाट बघत टँकरखाली झोपला होता. आबा घामाघूम. कुंदाने थोडा वेळ वाट पाहिली, मग डोळे मिटले आणि कापडावरून हार टाकला.

तो सदोबाच्या गळ्यात पडला.

वाजंत्री थांबली. सदोबाने अंतरपाट काखेत धरला, फोन काढला आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या वहिनींना लावला.

"वहिनी, बदल झालाय. नवा नवरा आलाय. जुना कुठं टाकू?"