फळ्याकडे तोंड

हेडमास्तर धर्माधिकारींपुढे बोलायची शाळेत कुणाची छाती नव्हती. आमच्या कुंदाताई दाभाडे मात्र थेट त्यांच्या खोलीत जाऊन बसल्या.

त्यांच्या मुलीला, यामिनीला, ऐकू कमी येतं. समोरच्याचे ओठ पाहून ती सगळं समजून घेते. पण गणिताचे सर शिकवायचे ते फळ्याकडे तोंड करून. विशेष शिक्षिकेने त्यांना सांगून पाहिलं, कुंदाताईंनी विनवून पाहिलं. उपयोग शून्य.

"एका मुलीसाठी शिकवायची पद्धत बदलत नसतात, बाई," हेडमास्तर म्हणाले. "मुळात तिचं लक्षच नसतं. तरी तुमचं म्हणणं एकदा सांगून टाका, म्हणजे विषय मिटला."

मधली सुट्टी चालू होती. बाहेर पोरांचा कालवा, डोक्यावर खडखडणारा पंखा. कुंदाताई उठल्या, हेडमास्तरांकडे पाठ करून भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यावर बोट फिरवत हळू आवाजात बोलू लागल्या.

हेडमास्तर पुढे वाकले. मग त्यांनी कानामागे हात धरला. शेवटी टेबलावर हात आपटून ओरडलेच, "अहो, भिंतीशी काय बोलताय? माझ्याकडे तोंड करून बोला! एक अक्षर कळत नाहीये!"

कुंदाताई शांतपणे वळल्या. "मी तर सगळं सांगितलं, सर. तुमचंच लक्ष नव्हतं."

हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"आणि माझी मागणी म्हणाल, तर ती आत्ता तुम्हीच बोलून दाखवलीत. तेवढीच गणिताच्या सरांना सांगा. हवं तर अशीच ओरडून."