पुदिना आणि मरवा

फार वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका गावात यांगचेन नावाच्या बाईची छोटी बाग होती. तिथे पुदिना आणि मरवा शेजारी शेजारी वाढत.

बर्फ पडायच्या आधी एका सकाळी यांगचेन विळा घेऊन आली आणि तिने पुदिना पार जमिनीलगत कापला. पुदिन्याला धक्काच बसला. "अगं, कालपर्यंत तूच मला पाणी घालत होतीस ना!" तो ओरडला. तिने त्याच्यावर शेणखत आणि वाळलेल्या गवताचा जाड थर पसरला.

ते पाहून मरवा थरथरू लागला. "माझ्यावर हे ओझं नको गं टाकूस. माझी फुलं चुरगळतील. पाया पडतो तुझ्या!"

यांगचेनचा हात थांबला. त्याला तसंच सोडून ती घरी गेली.

गवताखाली पुदिना सगळा हिवाळा धुमसत राहिला. हिची माया फक्त मरव्यावरच, असं त्याला वाटत होतं.

बर्फ वितळलं तेव्हा त्याने एक कोवळं पान बाहेर काढलं आणि तो हादरला. शेजारी नुसती काळी पडलेली काटकी उभी होती.

"मरव्या?" त्याने हाक मारली.

यांगचेन काटकीजवळ मान खाली घालून बसली होती.

"त्याचं मी ऐकलं रे," ती म्हणाली. "तुझं ऐकलं नाही."