निळीचा रांजण आणि माग

विषय : घटस्फोटानंतर पूर्वीच्या पतीकडून दाव्याचा खर्च वसूल होण्याबाबत.
संदर्भ : विणकरणीचा अर्ज.

फार वर्षांपूर्वी, राजे पुष्कळ आणि न्याय थोडा होता त्या काळी, एका गावात एक विणकरीण आणि तिचा रंगारी नवरा राहत. ती सूत विणी, तो ते निळीत रंगवी. कापड सुरेख होई. संसार मात्र होईना.

शेवटी दरबाराने दोघांना मोकळं केलं. दोष रंगाऱ्याचा ठरला आणि दाव्याचा खर्च त्यानेच द्यावा, असा निवाडा झाला. रंगाऱ्याने तो दिला नाही.

त्या राज्यात अशी रीत होती, की खर्चाची वसुली मागणाऱ्याने आपल्या पोटाचं साधन निकालापर्यंत दरबारात तारण ठेवायचं. विरोध करणाऱ्यानेही तसंच. यामुळे लोक उगाच भांडणार नाहीत, असं राजाला वाटे. राजाने माणसं फारशी पाहिली नव्हती.

अर्जाच्या आदल्या दिवशी रंगारी विणकरणीच्या दारात आला.

"आत येऊ का?"

"उंबऱ्याबाहेरूनच बोला. आत यायचा हक्क दरबाराने काढून घेतलाय."

"रोख नाही माझ्याकडे. वर्षभर तुझं सगळं सूत फुकट रंगवून देतो. फिटेल त्यात."

"आणि शब्द फिरवलात तर? लग्नात काय काय म्हणाला होतात, आठवतं?"

आतून विणकरणीची म्हातारी मावशी म्हणाली, "घे गं बाई पदरात. नवरा म्हणून नालायक होता, रंगारी म्हणून नव्हता."

विणकरणीला ते पटलं. पण संध्याकाळी तिचा वकील आला. "बाई, आज तडजोड केलीत तर उद्या लोक म्हणतील, हरली." सकाळी तिने अर्धवट विणलेल्या शालीसकट माग गाडीत चढवला.

रंगाऱ्याच्या वकिलाने त्यालाही हेच सांगितलं. त्याचा रांजणही दरबारात पोचला. दोन्ही वकील एकाच गाडीतून घरी गेले.

मग तारखा पडू लागल्या. कधी न्यायाधीश आजारी, कधी राजा शिकारीला. दर तारखेला खर्च वाढे, आणि वाढलेल्या खर्चासाठी पुरवणी अर्ज लागे. विणकरीण दुसऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरू लागली. रंगारी दुसऱ्यांच्या रांजणात पाणी वाहू लागला.

दरबाराच्या पडवीत माग आणि रांजण शेजारी शेजारी होते. संसारात त्यांच्या मालकांना इतका शेजार जमला नव्हता. पण निळीचा रांजण रोज ढवळावा लागतो, नाहीतर नीळ मरते. आणि ताणलेलं सूत कोणी राखलं नाही, तर उंदीर राखतात.

एका तारखेला दोघं तिथेच समोरासमोर आली. तिने रांजणात डोकावून पाहिलं.

"मेली नीळ?"

"कधीच. तुझी शाल पण उंदरांनी खाल्ली गं."

"दिसलं."

तिने मागावरचे कुरतडलेले धागे झटकले. मग हळूच म्हणाली, "ते वर्षभराचं म्हणाला होतात... अजून चालेल मला."

"कशात रंगवू?" तो म्हणाला. "आणि तू विणणार कशावर? निकालाआधी दोन्ही सुटायचे नाहीत."

एवढ्यात पुकारा झाला. दोघं आपापल्या वकिलामागे जाऊन उभी राहिली.

तात्पर्य : हक्काचं मागताना हातचं गमावलं, तर जिंकणाऱ्याच्याही पदरात काही पडत नाही.

अर्ज प्रलंबित आहे.