केरबा आणि आधीची प्रत

एका बाजाराच्या गावात केरबा नावाचा एक भोळा इसम होता. इतका भोळा, की सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती. कारण ती कुठं लावायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसे.

इंदुताई नलवडे यांच्या वधू-वर केंद्रात तो कामाला होता. प्रामाणिक माणूस बाजारात विकत मिळत नाही, म्हणून ताईंनी त्याला सांभाळला होता. ताईंनी दोनशे बारा लग्नं जुळवली, पण स्वतःची लेक रेवती तिशीला आली तरी घरातच. "दुसऱ्याला पंगत आणि स्वतःला एकादशी," असं गाव म्हणे. आता मात्र निपाणीचं एक स्थळ हाती आलं होतं. ते निसटू द्यायचं नाही, एवढा एकच ध्यास ताईंना होता.

केंद्रात पूर्वी एकेक बायोडाटा शोधायला अर्धा दिवस जाई. म्हणून ताईंनी सगळे फोटो, सगळ्या पत्रिका क्लाऊडवर चढवल्या. म्हणाल्या, "केरबा, आता कामाचा उरक दुप्पट झाला पाहिजे. पहिली गोष्ट, एकसारख्या दोन फाईली दिसल्या की एक काढून टाकायची. उगाच जागा अडते. ध्यानात ठेव."

"ठेवलं, ताई."

आठवड्यानं नेसरीचे गुरुजी आले.

"केरबा, मला मुली दोन. तुमच्यात एकच दिसते."

"दुसरी काढली, गुरुजी. फोटो डिट्टो तसाच हुता. जागा अडत हुती."

"अरे, जुळ्या आहेत त्या!"

"म्हणूनच."

ताईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे म्हणाल्या, "काढलेलं कुठं जात नाही. कचरापेटीत पडून राहतं. तीस दिवसांत कधीही परत आणता येतं. ध्यानात ठेव."

"ठेवलं, ताई."

दुसऱ्या दिवशी केरबानं टेबल आवरलं. टेबलावर रेवतीची पत्रिका होती, भटजींनी हातानं लिहिलेली, अस्सल, एकुलती एक. ती त्यानं दाराशेजारच्या बादलीत टाकली. साडेआठला घंटागाडी आली, बादली रिकामी करून गेली.

"पत्रिका कुठाय?" ताई.

"कचऱ्यात हाय. काळजी करू नका. आज पयलाच दिवस, अजून एकोणतीस हायती."

ताई पदर खोचून घंटागाडीमागं पळाल्या. तिसऱ्या गल्लीत गाडी गाठली. पत्रिका मिळाली, पण रवी आणि मंगळ यांच्यामध्ये केळीचं साल बसलं होतं.

"नीट ऐक," ताई धापा टाकत म्हणाल्या. "मूळ वस्तू जपायची. समोरच्याला फक्त बघायची परवानगी द्यायची. त्याचा हात लागता कामा नये. क्लाऊडमध्ये तशी सोय आहे. ध्यानात ठेव."

"ठेवलं, ताई."

रविवारी निपाणीकर रेवतीला बघायला आले. केरबानं पोह्यांच्या बशा मांडल्या. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मुलाच्या मामांनी हात पुढं केला. केरबानं बशी मागं ओढली.

"पाव्हणं, फक्त बघायचं."

"म्हणजे?"

"बघायची परवानगी हाय. हात लावायची न्हाई."

मामांनी बशीकडं बघितलं, केरबाकडं बघितलं. मुलाच्या आईला मात्र असं हसू फुटलं की चष्मा खाली पडला. त्या हसण्यावर सोयरीक जमली. मामा उपाशीच गेले, आणि उपाशी मामा विसरत नसतो.

पाहुणे गेल्यावर ताई म्हणाल्या, "आपल्या माणसांना असं अडवायचं नसतं रे. त्यांना सगळं मोकळं ठेवावं. हवा तो बदल करू द्यावा. ध्यानात ठेव."

"ठेवलं, ताई."

केरबाला केंद्रातली सगळीच माणसं आपली. त्यानं तीनशे घरांना फाईलीत हवा तो बदल करायची मुभा दिली. सकाळपर्यंत तालुक्यात सावळी मुलगी उरली नाही. सगळ्या नवरदेवांची उंची दोन इंच वाढली, पगार दुप्पट झाले, टक्कल गेलं. एकानं स्वतःच्या 'निर्व्यसनी'आधी 'पूर्णपणे' घातलं, त्याच्या चुलतभावानं ते खोडून 'सोमवारी' केलं.

ताईंनी दोन बटणं दाबली आणि कालची फाईल परत आणली.

"बघितलंस? गडबड झाली की ओरडायचं नाही, रडायचं नाही. क्लाऊड आधीची प्रत जपून ठेवतो. ती शोधायची आणि गुपचूप परत आणायची. ध्यानात ठेव."

"ठेवलं, ताई."

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला. मुहूर्ताला तास राहिला आणि मामा अडून बसले. सगळ्यांना भगवा फेटा, मला गुलाबी का? "वरात परत नेतो," म्हणाले. व्याही हात जोडतायत, रेवती आत डोळे पुसतेय.

केरबा ओरडला नाही, रडला नाही. गडबड झाली होती. त्यानं मोबाईल काढला, नवरदेवाचं फोल्डर उघडलं आणि कोपऱ्यात जाऊन एक फोन केला.

इकडे ताईंनी स्वतःच्या भावाच्या डोक्यावरचा भगवा उतरवून मामांना बांधला. मामा विरघळले. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि नटलेली एक मुलगी हार घेऊन उतरली, ती थेट पाटावरच येऊन उभी राहिली.

अंतरपाट खाली आला. नवरदेवासमोर दोन नवऱ्या, दोघींच्या हातात हार.

"केरबा," ताईंनी विचारलं, "ही कोण?"

"संकेश्वरची, ताई. नवरदेवाची गेल्या साली मोडलेली सोयरीक. फोनवर म्हटलं, परत जुळली, लगीच या. गडबड झाली, म्हणून आधीची परत आणली."

केरबा नवरदेवाजवळ गेला आणि अदबीनं म्हणाला, "पाव्हणं, दोन झाल्या की कुठली ठेवायची ते मशीन मालकाला इचारतंय. सांगा, कुठली ठेवू?"

इथवर सगळं सावरलं असतं. पण नवरदेव विचारात पडला.

दोन्ही मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. मग दोघींनी आपापला हार ताटात ठेवला आणि पाटावरून उतरल्या.

"लई येळ लावलासा, पाव्हणं," केरबा म्हणाला. "आता एकबी शिल्लक न्हाई."