वाघराखी म्हातारी आणि जिऊचा बाप

आलात का सगळे पांघरुणात? पाय आत घ्या. आजच्या गोष्टीत राजा आहे, पण तो मध्येच येतो आणि लगेच जातो. गोष्ट आहे ती धाकूची.

हा धाकू रानातला मध काढायचा. उंच कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असत. धाकू दोराला लोंबकळत तिथवर उतरायचा. लोक म्हणायचे, याला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्यालाही तसंच वाटायचं. त्याची बायको लाडी तापानं गेली आणि मागं राहिली दोन वर्षांची जिऊ. मग धाकू काय करायचा, तिला झोळीत घालून पाठीशी बांधायचा, झोळीची गाठ छातीवर मारायचा आणि रानात न्यायचा. ती मागून त्याचे केस ओढत बसायची.

एक दिवस भर दुपारी रानात धुकं उतरलं. इतकं दाट की स्वतःचा हात दिसेना. पाखरं गप्प झाली. मग धाकूला मागं आवाज आला. पाचोळ्यावर कुणीतरी हळूहळू पाय टाकत होतं. धाकू थांबला की आवाज थांबे. धाकू चालला की आवाज चाले. मग वास आला. वाघाचा वास, बरं का. धाकू पळत सुटला. पळता पळता झोळी करवंदीच्या जाळीत अडकली. त्यानं ओढली, निघेना. पुन्हा ओढली, निघेना. मागं घुरघुर ऐकू आली. मग धाकूनं छातीवरची गाठ सोडली. झोळी तिथंच राहिली आणि धाकू एकटा पळाला.

सरका जवळ. माझा हात धरा हवं तर.

घरी येऊन त्यानं कडी लावली. शेजारीण विचारायला आली, "जिऊ कुठं आहे?" धाकू आतूनच म्हणाला, "वाघानं नेली." सगळं गाव रडलं. गाठ मी सोडली, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गावाच्या शिवेवर एक म्हातारी आली. केस पांढरे, गुडघ्यापर्यंत मोकळे. डोळे पिवळे. गुरं राखतो तो गुराखी, तशी ही वाघराखी. खोल दरीत राहायची आणि वाघ चारायची. तिच्या मागं तीन वाघ वासरांसारखे चालत होते. आणि तिच्या कडेवर जिऊ होती. अंगावर एक ओरखडा नाही.

लोक म्हणाले, "ही तर धाकूची पोर."

म्हातारी म्हणाली, "गावानं बोलू नये. बापानं बोलावं. ज्यानं गाठ सोडली त्यानं पुढं यावं आणि लेकरू न्यावं."

धाकूनं मान खाली घातली. पुढं जायचं म्हणजे वाघांच्या मध्ये जायचं. आणि गाठ सोडली हेही सगळ्यांसमोर कबूल करायचं.

मग म्हातारीनं दुसऱ्यांदा विचारलं. धाकू माणसांच्या मागं सरकला.

मग तिसऱ्यांदा ती थेट त्याच्याकडे बघत म्हणाली, "पोर तुझी ना रे?" वाघांनीही त्याच्याकडे बघितलं. जिऊनं दोन्ही हात पुढं केले.  धाकू म्हणाला, "नाही."

म्हातारीनं कमरेच्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी जमिनीवर ओतलं. "तीनदा विचारलं, गावानं ऐकलं. हक्कावर तूच पाणी सोडलंस. आता ही माझी." असं म्हणाली आणि जिऊला घेऊन गेली. रडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

सात वर्षं गेली. धाकूला कड्यावर चढता येईना. दोर धरला की लगेच सोडून द्यायचा. माशा गुणगुणल्या की त्याला त्यात पोरीचं रडणं ऐकू यायचं. गावात त्याच्याशी कुणी बोलेना. शेवटी तो उठला आणि राजाकडे गेला.

"महाराज," तो म्हणाला, "माझी पोर मला परत मिळेल का?"

राजानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रक्त कुणाचं?"

"माझं."

"आणि नाही कोण म्हणालं?"

"मीच."

 राजा म्हणाला, "मी शिपाई देईन. ते पोरीला ओढून आणतील. पण ओढून आणलेली पोर तुला बाप म्हणेल का, ते माझ्या हुकमात नाही. जिनं सात वर्षं सांभाळलं तिला जाऊन विचार."

झालं, राजा गेला आपल्या गोष्टीतून.

मग धाकू दरीत उतरला. तिथं भर दुपारीही ऊन पोचत नव्हतं. झाडांच्या सालींवर नखांचे उभे चरे होते, कुठं कुठं डोक्याच्याही वर. वाटेत हाडं पडली होती. धाकू प्रत्येक पावलाला थांबायचा. खाली तळाशी एक झोपडी होती. झोपडीपुढं नऊ वर्षांची मुलगी एका वाघिणीच्या कानातली कुसळं काढत बसली होती. वाघीण डोळे मिटून पडली होती. मुलीनं माणूस बघितला आणि ती धावत आत गेली.

म्हातारी बाहेर आली. "कशाला आलास?"

"आजी, माझी पोर..." म्हणता म्हणता धाकू अडखळला. "जिऊला बघायला आलो."

"मग तीन दिवस राहा. सांगीन ते कर. एकदा जरी पळालास तरी परत येऊ नकोस."

पहिल्या दिवशी म्हातारीनं त्याला पाणवठ्यावर उभं केलं. संध्याकाळी वाघ पाण्यावर आले. एक आला, दुसरा आला, मग सात झाले. एकानं त्याचे पाय हुंगले. एकानं त्याचा तळहात चाटला, तर कातडी सोलून निघाली.  पण धाकू पळाला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "आता पोरीला खरं काय ते सांग."

धाकूला वाटलं, त्यापेक्षा वाघ परवडले. तो उंबऱ्याबाहेर बसला. आत अंधार होता. कोपऱ्यात वाघीण होती आणि तिच्या आड जिऊ. धाकूनं सांगायला सुरुवात केली. धुकं सांगितलं, करवंदीची जाळी सांगितली. "गाठ मी सोडली. मग तुला शिवेवर आणलं. तू हात पुढं केलेस. आणि मी नाही म्हणालो."

हळूहळू डोळे अंधाराला सरावले. मग धाकूला तिचे हात दिसले. वाघिणीला आयाळ नसते, म्हणून तिनं मानेचं कातडंच घट्ट धरलं होतं. वाघांना न भिणारी ती पोर त्याला भीत होती. हा माणूस आपल्याला उचलून नेईल म्हणून भीत होती.  ते बघून धाकूला जे भय वाटलं, तसं वाघाच्या वासानंही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "आज ती बोलेल. ती म्हणेल ते करायचं." आणि सगळे वाघ घेऊन ती चारायला निघून गेली.

जिऊ दारात आली. "मला न्यायला आलास?"

"हो. त्यासाठीच आलो होतो."

"मी येणार नाही. माझी आई इथं आहे."

आता बघा, वाट मोकळी होती. वाघ जवळ नव्हते. पोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. धाकूला स्वतःच्याच हातांची भीती वाटली, ते तिला उचलून नेतील म्हणून. त्यानं ते काखेत दाबून धरले.

"बरं," तो म्हणाला.

"मग जा."

धाकू निघाला. अर्ध्या चढावर म्हातारी भेटली. त्याचं तोंड बघूनच तिला सगळं कळलं. तरी तिनं विचारलं, "काय म्हणाली?"

"जा म्हणाली."

"परत येऊ नको, असं म्हणाली का?"

धाकू आठवत राहिला. "नाही. तसं नाही म्हणाली."

 म्हातारी वाघ हाकत खाली गेली.

मग धाकू आठ दिवसांनी आला आणि दरीच्या तोंडाशी बसला. कुणी आलं नाही. पुन्हा आठ दिवसांनी आला. जिऊ लांब झाडावर बसून बघत राहिली. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती झाडावरूनच म्हणाली, "मला जन्म देणारी कशी होती?"

धाकू म्हणाला, "लाडी नाव तिचं. हसताना तोंडावर पदर घ्यायची. भाकरी थापताना गाणं म्हणायची, आणि शेवटची ओळ नेहमी विसरायची. मग मला विचारायची. मलाही यायची नाही."

जिऊ एक फांदी खाली उतरली. "अजून सांग."

धाकू सांगत गेला, जिऊ एकेक फांदी उतरत गेली. शेवटी जमिनीवर आली आणि त्याच्यापासून दोन हातांवर बसली. मागं म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "हे मला सांगता आलं नसतं."

धाकूनं भीत भीत विचारलं, "आजी, माझा हक्क परत मिळेल का?"

"हक्क गेला तो गेला. आता ती देईल तेवढं तुझं."

धाकू हो म्हणाला. दरीच्या तोंडाशी त्यानं झोपडं बांधलं. आधी जिऊ त्याला "अरे ए" म्हणायची. मग "धाकूबा" म्हणायला लागली. "बा" म्हणायला तिला तीन पावसाळे लागले, बरं का. झोपायला मात्र ती रोज म्हातारीकडेच गेली.

मग जिऊ मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. वऱ्हाडी वाघांना बघून मांडवाच्या बाहेरच उभे राहिले, त्यांना हात धरधरून आत आणावं लागलं. कन्यादानाला म्हातारी बसली. धाकू पंगतीत वाढत होता. तर जिऊनं मान वर केली आणि ती म्हणाली, "बा, ती परात ठेव. इथं आईच्या शेजारी बस."

धाकूनं परात ठेवली, हात पुसले आणि जाऊन बसला.

मग सगळी माणसं सुखात राहिली, वाघही पोटभर जेवून राहिले. आता कुशीवर वळा आणि डोळे मिटा. मी इथंच बसले आहे, तुम्ही झोपेपर्यंत.